दमून गावी येताय? मग एवढं वाचून या

कोकणात चार दिवस समुद्र बघितला की माणूस ताजातवाना होतो, हे पर्यटनवाल्यांचं म्हणणं. चार दिवसांत माणूस फक्त काळा होतो आणि पुण्यात मिळतात त्याच भावाचे काजू घेऊन परत जातो. मी सांगणार आहे ते वेगळ्या येण्याबद्दल. ज्यांना सकाळी डोळे उघडल्या उघडल्या कधी एकदा रात्र होते असं वाटतं, ज्यांचं काम अजून नीट चाललेलं दिसतं पण आत काहीच उरलेलं नाही, त्यांनी गावी यावं कसं, राहावं कसं आणि परत कधी जावं, एवढंच.

मी स्वयंविकासाची पुस्तकं लिहिते. कंपन्या, बँका, शिक्षकांची शिबिरं इथे व्याख्यानं देते. वेळेचं नियोजन, पहाटे उठण्याची सवय, 'नाही' म्हणायला शिकणं, हे माझे खपणारे विषय. एका कंपनीच्या सभागृहात बोलत असताना मागच्या पडद्यावर माझंच एक वाक्य आलं आणि मला त्याची शिसारी आली. बोलत मात्र राहिले. टाळ्याही झाल्या. मग सह्यांसाठी रांग लागली, आणि रांगेतल्या प्रत्येक माणसाचा मला राग येत होता. बिचाऱ्यांनी पुस्तक विकत घेण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं.

हा राग महत्त्वाचा. थकवा सगळ्यांनाच येतो. झोप काढली की जातो. बर्नआउट म्हणायचं ते तीन गोष्टी एकत्र आल्या तर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा तिटकारा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, ही त्यातली लक्षणं. यातलं मधलं लक्षण लोक लपवतात, कारण ते चांगल्या माणसाला शोभत नाही. पण १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं या अवस्थेवर पहिल्यांदा लिहिलं ते न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना बघून. दुसऱ्याला मदत करणारी माणसंच ती. तेव्हा शिक्षक, नर्स, समुपदेशक आणि माझ्यासारखे प्रोत्साहनाचे दुकानदार यांनी रागाची लाज वाटून घेऊ नये. त्याची नोंद घ्यावी.

निघण्यापूर्वी

आधी डॉक्टरकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर हे सगळं तपासून घ्या. निम्म्या बायका रक्त कमी असताना स्वतःला आळशी म्हणवून घेत असतात. कामाचा विषय सोडूनही कशातच जीव रमत नसेल, मुलांचं, खाण्याचं, गाण्याचंही काही वाटेनासं झालं असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर औषध असतं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर कोकणाचं नाव काढू नका. तिथल्या तिथे कुणाला तरी सांगा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. एकाकी घर, मागे बाग आणि पुढे विहीर ही त्या अवस्थेत राहायची जागा नव्हे.

मग पैशांचं. माझी रॉयल्टी वर्षातून एकदा येते, आणि किती येते ते विचारू नका. घर चालतं व्याख्यानांच्या मानधनावर, म्हणजे मी बोलायची थांबले की पैसे थांबले. त्यामुळे आधी वही घेऊन बसले. हप्ते, विमा, मुलीची फी, आईची औषधं. किती महिने तग धरता येईल हे कळल्याशिवाय निघालात तर समुद्रासमोर बसूनही बेरजाच कराल. नोकरीवाल्यांनी साठलेली अर्जित रजा आधी बघावी. राजीनामा ही पहिली पायरी नाही. थकलेल्या डोक्यानं घेतलेले मोठे निर्णय सहसा दोन महिन्यांनी अंगावर येतात.

आता सगळ्यात अवघड भाग: काम खरोखर मागे सोडून निघणं. आमचं घर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या जवळ. आचऱ्याला दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाचा होकार, झाला की ठरल्या दिवशी अख्खं गाव वेशीबाहेर जातं. सगळ्या जातीधर्मांची माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. वेशीबाहेर झावळांच्या झोपड्या उभारायच्या आणि तीन दिवस, तीन रात्री तिथेच मुक्काम. गावात चूल पेटत नाही. मग देवाला पुन्हा कौल लावतात. मिळाला तर परत, नाही मिळाला तर मुक्काम वाढला.

यात मला सगळ्यात आवडतं ते कोंबड्या नेण्याचं. कुणी एक कोंबडी मागे ठेवून 'तिला तेवढं बघून येतो' म्हणत नाही. आपण मात्र रजेवर जाताना नेमकं हेच करतो. 'फक्त अर्जंट असेल तर फोन करा' ही ती मागे ठेवलेली कोंबडी. ती दिवसातून चार वेळा ओरडते.

म्हणून लेखी कळवा, आणि कारण देऊ नका. मी प्रकाशकांना, शिबिरवाल्यांना, सगळ्यांना एकच मजकूर पाठवला: 'ठरलेलं काम मला आत्ता करता येणार नाही. घेतलेली आगाऊ रक्कम परत करते आहे. पुढे कधी जमेल ते मी स्वतः कळवीन.' तब्येतीचं कारण लिहिलं की लोक तब्येत विचारायला फोन करतात, आणि तब्येत सांगता सांगता तुम्ही तारीख देऊन बसता. आगाऊ रक्कम परत करणं जिवावर येतं, पण तिच्याइतकं डोक्यावर बसणारं दुसरं काही नाही. एका आयोजकांनी चिडून बरंच सुनावलं. सुनावू द्यावं.

कधी यावं, कुठे उतरावं

गणपतीत येऊ नका आणि मे महिन्यात तर नकोच. दोन्ही वेळा घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं. ओटीवर पसरलेल्या गाद्या ओलांडत न्हाणीघरापर्यंत जावं लागतं. मजा असते, विश्रांती नसते. जून-जुलैत पाऊस असा कोसळतो की कपडे वाळत नाहीत, वीज जाते, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ज्याला खरंच काही करायचं नाही त्याला तेही चालेल, पण आधीच उदास असलेल्या माणसाला कौलांवरचा तो अखंड आवाज मानवत नाही. दिवाळीनंतर ते शिमग्याच्या आत, हे उत्तम. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस पकडा, सकाळी कणकवलीला उतरा, तिथून एसटी.

बायकांसाठी एक खास सूचना: माहेरी या, सासरी नको. कोकणातल्या सासरच्या घरात सून विश्रांतीला आली असं कधी ऐकलंय? पहिल्या दिवशी 'तू बस', दुसऱ्या दिवशी 'जरा नारळ खवून देतेस?', तिसऱ्या दिवशी बारा माणसांचा स्वयंपाक. माहेरवाशिणीला मात्र निवांत बसायचा परंपरेनं परवाना आहे, तो वापरा. तरीही अटी आधी ठरवा. मी धाकट्या काकीकडे राहिले. राहण्या-खाण्याचे पैसे ती घेणार नव्हती, म्हणून कामाला येणाऱ्या बाईंचे पैसे मी द्यायचे आणि दुपारची भांडी मी घासायची असं ठरलं. ज्यांचं गाव नाही, घर नाही, त्यांनी गावातली साधी घरगुती खोली महिन्याच्या बोलीवर घ्यावी. समुद्राकाठच्या रिसॉर्टात जाऊ नये. तिथे शनिवार-रविवार स्पीकर लागतात.

पहिले काही दिवस

काही करू नका म्हणणं सोपं. थकलेल्या माणसाला रिकामा दिवस खायला उठतो. त्याला कुठे तरी टेकायला एक ठरलेली गोष्ट लागते, आणि ती त्याला स्वतःला ठरवावी लागू नये. मला ती मिळाली पेजेत.

उकड्या तांदळाची पेज दहा-अकराच्या सुमारास व्हायची. काकी सकाळी चुलीवर पातेलं ठेवून निघून जायची, म्हशीकडे, परसात, कुठेही. उकडा तांदूळ घाई केल्यानं शिजत नाही. दाणा आधी नुसता फुगतो, मग त्याच्या पोटावर चीर पडते, मग लालसर पाणी दाट होऊन वर साय धरतं. त्या सायीला बोट लावलं की ती सुरकुतते, तेव्हा उतरवायची. वाडग्यात पेज, मीठ, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा किंवा खारातल्या कैरीची फोड. मी आले तेव्हा हे सगळं दहा मिनिटांत उरकून मोबाइल शोधायचे. पेज तोंड भाजते. फुंकर घालावी लागते, थांबावं लागतं. हळूहळू मला अर्धा तास लागायला लागला. कुठल्याही तंत्राशिवाय. पेज पिऊन झाली की झोपा. लाज वाटेल, तरी झोपा. पहिले कित्येक दिवस मी फक्त पेज, झोप, जेवण, झोप आणि रात्री कुळथाची पिठी-भात एवढंच केलं. डोकं दुखायचं, विनाकारण रडू यायचं. काकीनं त्यावर एक शब्द काढला नाही, तिला तो विषयच वाटला नाही.

लोक मात्र विचारणार. शहरात तुम्ही मेलात तरी शेजाऱ्याला कळत नाही, इथे तुम्ही एसटीतून उतरलात हे घरी पोचायच्या आत कळलेलं असतं. 'कधी इलंस? कधी जातलंस?' हे दोन प्रश्न ठरलेले. दुसऱ्याचं उत्तर दिलं नाहीत की नोकरी गेली, नवऱ्याशी बिनसलं, अशा गजाली सुरू. माझा सल्ला: खरं सांगून टाका. 'बरां नाय वाटत, म्हणान इलंय.' एवढं म्हटलं की पुढचा माणूस लगेच स्वतःच्या गुडघ्याचं सांगायला लागतो आणि तुम्ही सुटता. माझं एक पुस्तक काकीच्या कपाटात होतं. एकदा तिनं ते चाळलं, पहाटे साडेचारपासूनचं वेळापत्रक बघितलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, 'ह्या सगळां तू करतंस?' मी तेव्हा नऊ वाजता उठून दात घासत होते.

फोनबद्दल फार बोलत नाही. आमच्याकडे रेंज विहिरीच्या कठड्याजवळ येते. दिवसातून एकदा तिथे जाऊन घरच्यांशी बोलायचं. कामाचे ग्रुप सोडायचे. म्यूट करायचे नाहीत, सोडायचे.

भरती-ओहोटीचं घड्याळ

झोप भागली की पाय आपोआप बाहेर वळतात. तेव्हा समुद्रावर चाला, पण ओहोटीला. ओली वाळू टणक असते, पाय रुततही नाहीत आणि दुखतही नाहीत. ओहोटी कधी, हे मोबाइलवर बघायची गरज नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. आली ती भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि दुसरी पहाटे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराला. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतं, ते सोडून द्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी खूप वर चढतं आणि खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, फरक कमी. खाडीच्या मुखाकडे मात्र एकट्यानं जाऊ नका आणि ओहोटीत खाडी पायी ओलांडायच्या फंदात पडू नका. ज्यांची होडी तिथे लागते त्यांना विचारा.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे या चालण्याची सवय लावता येत नाही! आज सकाळी सात, उद्या आठच्या जवळ, परवा पावणेनऊ. आठवड्यानं भर दुपारी वेळ आली की त्या दिवशी जायचंच नाही. एकवीस दिवसांच्या चौकटीत टिकमार्क करायची सोय नाही, सलग किती दिवस झाले याचा अभिमान नाही. मी वर्षानुवर्षं लोकांना एकाच वेळी उठायला सांगून पोट भरलं, पण जो माणूस नियोजनानंच दमलाय त्याला आणखी एक सवय देणं म्हणजे आणखी एक साहेब देणं आहे. समुद्र काही तुमच्या प्रगतीसाठी मागे सरत नाही. त्याला वेळ असेल तेव्हा तुम्ही जायचं.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर बघत उभ्या राहू नका. 'हात लाव गो' असं कुणी तरी म्हणेलच. दोराला हात लावा. जाळं बाहेर आलं की ओंजळभर मासळी तुमच्याही वाट्याला येते.

हाताला एक काम

हे काम असं निवडा की ते संपतं आणि संपलेलं दिसतं. पुस्तक, ईमेल, व्याख्यान यांचं संपणं दिसत नाही. आमच्याकडे पावसाळ्यानंतर अंगण, म्हणजे खळं, नव्यानं करतात. पावसानं वरची माती धुपून गेलेली असते. आधी जमीन खणून भुसभुशीत करायची, नवी माती टाकायची, पाणी मारून चिखल पायानं तुडवायचा आणि सारखा करायचा. ओल थोडी ओसरली की चोपणं, म्हणजे माती बडवायचं लाकडी अवजार, घेऊन बसायचं आणि एका कडेपासून बडवत यायचं. फार ओलं असेल तर माती चोपण्याला चिकटून वर येते, फार सुकलं तर ऐकत नाही. मधली वेळ अंगठा दाबून कळते: खूण उमटली पाहिजे, पण बोटाला माती लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी बारीक भेगा पडतात, पुन्हा पाण्याचा शिपका, पुन्हा चोपणं. शेवटी शेणाचं सारवण. मला खांदा वर उचलता येईना इतकं अंग दुखलं आणि त्या रात्री गोळीशिवाय झोप लागली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी मनानं बंद केल्या नाहीत, तुम्हीही करू नका. विचारून कमी केल्या.

परत कधी जायचं

गावपळणीत परतायचं कधी ते माणूस ठरवत नाही, कौल ठरवतो. मला ते पटतं. कारण थोडं बरं वाटलं की आपण लगेच धावतो. आपल्यापुरत्या दोन-तीन खुणा आधी कागदावर लिहून ठेवा आणि त्या दिसल्याशिवाय तारीख काढू नका. माझ्या खुणा अशा होत्या: वर्तमानपत्रातला अग्रलेख शेवटपर्यंत वाचून काय वाचलं ते आठवणं, कुणाचा तरी फोन आल्यावर छातीत धस्स न होणं, आणि मानधनाचा विचार मनात न येता काही लिहावंसं वाटणं.

तिसरी खूण विचित्र तऱ्हेनं आली. शेजारच्या वाडीतले तात्या आले, म्हणाले, 'तू लिवतंस मा? मग ग्रामपंचायतीक एक अर्ज लिवन दी.' विषय: स्मशानाच्या वाटेवरचा बंद दिवा. मी पान फाडलं आणि लिहायला बसले. कुठला खांब, कधीपासून बंद, पावसात त्या वाटेनं तिरडी नेताना काय होतं, तात्यांना विचारून विचारून लिहिलं. एक विशेषण घातलं होतं, तेही काढलं. बऱ्याच वर्षांनी मी असं काही लिहिलं होतं ज्याची कुणाला तरी गरज होती. दिवा अजून लागलेला नाही. अर्ज मात्र चांगला झालाय.

परतताना काम जसंच्या तसं उचलू नका, नाही तर सहा महिन्यांत पुन्हा इथेच. ख्रिस्टिना मास्लाक आणि मायकल लायटर या अभ्यासकांनी माणूस आणि काम यांचं बिनसतं अशा सहा जागा सांगितल्या आहेत: कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. बसून प्रत्येकीपुढे खरं काय ते लिहा. बहुतेकांचा भार जास्त असतो आणि ते तेवढाच कमी करतात. माझा भार होताच, पण खरं दुखणं शेवटच्या रकान्यात निघालं. कंपन्या मला बोलवायच्या ते माणसं कमी करून उरलेल्यांना दुप्पट काम दिल्यावर, त्यांना 'ताणाचं व्यवस्थापन' शिकवायला. ज्यांना आणखी दोन माणसं हवी होती त्यांना मी श्वास मोजायला शिकवत होते.

आता मी अशा ठिकाणी आधी विचारते: गेल्या वर्षी किती माणसं कमी केलीत, आणि रजा मागितली तर मिळते का? उत्तर टाळलं तर जात नाही. आमंत्रणं निम्म्यावर आली, तेवढ्यावर घर बसवलं. गाडी विकली. संध्याकाळची व्याख्यानं बंद. पहाटे साडेचारचं ते प्रकरण पुढच्या आवृत्तीतून काढा असं प्रकाशकांना कळवलं, तर ते म्हणाले, तेच तर खपतं. अजून वाद चालू आहे.

आणि पुढच्या खेपेची सोय आत्ताच करून ठेवा. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळी झाल्यावरच्या साध्या आठवड्यात तिकीट सहज मिळतं, पण गणेशचतुर्थीच्या गाड्या बघता बघता भरतात, तेव्हा तारखा सरमिसळ करू नका. तिकीट काढलंत की त्या आठवड्यात कुणी कार्यक्रम ठेवला तर सांगा, गावी काम आहे. खरंच असतं, खळं दरवर्षी करावं लागतं.